साक्ष दिली, आणि पुन्हा प्यायलो

ताई, सलाम.

मी बेचाळीस वर्षांचा आहे. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, पप्पा बरीच वर्षं चर्चच्या कमिटीत होते, बायको क्वायरमध्ये गाते. मी पितो हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं. मागच्या मे महिन्यात तीन दिवसांची उपवास प्रार्थना झाली. पास्टरांनी डोक्यावर हात ठेवला, मी खूप रडलो आणि त्या दिवसापासून दारू सोडली. तेव्हा आजच्याइतकी नव्हती, त्यामुळे फार त्रास झाला नाही. चार महिने शिवलो नाही. सप्टेंबरात भर उपासनेत उभं राहून साक्ष दिली, “मी दारुडा होतो, प्रभूने मला सोडवलं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ते मोबाइलवर घेऊन ग्रुपवर टाकलं. बरोबर एकोणीस दिवसांनी मी एका लग्नात प्यायलो.

आता रोज लागते. रात्री दोन क्वार्टर. दोन महिन्यांपासून सकाळी हात थरथरतात, म्हणून थोडी घेऊनच कामावर जातो. चर्चला जाणं सोडलं. कमिटीतले एक काका घरी येऊन म्हणाले, “विश्वास पक्का असता तर पडला नसतास.” सासूबाईंनी जाहिरात वाचून ‘नकळत चहात टाका’वाली पावडर आणली, बायकोने ती टाकली नाही, मला आणून दाखवली. एक मित्र शनिवारच्या एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) मीटिंगला चल म्हणतो. पास्टर म्हणतात, तिथे ख्रिस्ताचं नाव घेत नाहीत, ‘उच्च शक्ती’ म्हणतात, ती जागा आपली नाही. ते पुन्हा उपवास प्रार्थना ठेवणार आहेत, आदल्या दिवशी सगळं बंद करून ये म्हणालेत.

माझा विश्वास खोटा होता का? मी त्या मीटिंगला जावं का? प्रभुभोजनाचा प्याला घ्यावा की नाही? रात्री गच्चीवर एकटा असलो की नको ते विचार येतात.

— एक भाऊ

सलाम भाऊ.

तुम्ही शेवटी लिहिलंत तिथूनच सुरुवात करते. ‘नको ते विचार’ म्हणजे मरणाचे विचार असतील, तर आज रात्री गच्चीचं दार बायकोच्या हाताने बंद होऊ द्या आणि ते का, हे तिला एका वाक्यात सांगा. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर आहे. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. फोन लावताना काय बोलायचं ते ठरवून ठेवू नका. “मी पितो आणि मला जगावंसं वाटत नाही” एवढं म्हटलं तरी पुढचं ते विचारतील. मी एकतीस वर्षं नर्स होते. दारू आणि निराशा एका खाटेवर झोपलेल्या मी किती वेळा पाहिल्या त्याची गणती नाही. दारू थांबल्यावर थोड्या आठवड्यांत ते काळं पुष्कळदा आपोआप विरतं. नाही विरलं तर त्यालाही औषध आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि इथे मी सल्ला देत नाही, बजावते आहे. आदल्या दिवशी सगळं बंद करून उपवास प्रार्थनेला बसू नका.

माझा थोरला भाऊ बसला होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. तुमच्यासारखाच सकाळी हात थरथरायला लागले म्हणून घेणारा. गावाबाहेरच्या एका हॉलमध्ये तीन दिवसांची प्रार्थना होती. दुसऱ्या रात्री तो बसल्या जागी ताठ झाला, डोळे फिरले, जीभ चावली गेली, तोंडातून रक्त. आसपासचे लोक मोठमोठ्याने प्रार्थना करू लागले, कोणी म्हणालं सैतान बाहेर पडतोय. एका पोराला अक्कल सुचली आणि त्याने जीप आणली. मी ड्यूटीवर होते. ती फिट होती. पुढचे दोन दिवस दादा चादरीवरच्या मुंग्या वेचत होता. मुंगी एकही नव्हती. चिमटीत धरायचा, खाटेच्या कडेला नेऊन सोडायचा, पुन्हा दुसरी. माझ्याकडे बघून मला “सिस्टर” म्हणाला. नर्सला म्हणतात तसं. मी बहीण आहे हे त्याला कळत नव्हतं.

हे का होतं ते सांगते, म्हणजे कोणी ते विश्वासाच्या खात्यावर टाकणार नाही. दारू मेंदूला गुंगवते. रोज भरपूर प्यायली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून जागा राहायला शिकतो. रस्सीखेचीत समोरच्याने अचानक दोर सोडला की आपण पाठीवर आपटतो ना, तसंच दारू एकदम थांबली की होतं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, बरळणं, ताप, घाम सुरू होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावू शकतो. सगळ्यांनाच होतं असं नाही. मेमध्ये तुम्हाला झालं नाही कारण तेव्हा शरीर एवढं अडकलेलं नव्हतं. आता सकाळचा घोट लागतोय, म्हणजे अडकलंय. त्यातून उपवास. पिणाऱ्याच्या अंगात आधीच बी-१ जीवनसत्त्वाचा खडखडाट असतो, आणि ते फार कमी पडलं तर मेंदूला कायमची इजा होते.

म्हणून आधी डॉक्टर. सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे जा किंवा ओळखीच्या फिजिशियनकडे जा. रोज किती पिता ते खरं सांगा. डॉक्टर मनातल्या मनात दुप्पट करतातच, पण तुम्ही खरं सांगितलंत तर गोळीचा डोस बरोबर बसतो. सहसा आठवडाभरात, उतरत्या डोसच्या गोळ्या आणि बी-१ची इंजेक्शनं देऊन शरीर सुखरूप उतरवतात. डॉक्टरांची गाठ पडेपर्यंत आपल्या मनाने एकदम बंद करू नका, हे एका नर्सने सांगणं विचित्र वाटेल, पण तेच बरोबर आहे. मध्येच फिट आली, भास झाले, तर १०८. कुठे दाखवावं हे कळत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत नंबर आहे.

पास्टरांना सांगा, प्रार्थना जरूर ठेवा, वॉर्डात ठेवा. खाटेपाशी बसून केलेली प्रार्थना वर पोचत नाही असं कुठे लिहिलंय?

बरं. शरीराचं झालं, आता तुमचा खरा प्रश्न.

तुमच्या पत्रातला एक शब्द मला सारखा टोचत राहिला. तुम्ही साक्षीत म्हणालात, “मी दारुडा *होतो*.” चार महिने झाले होते. आपल्या मंडळ्यांमध्ये साक्षीचा एक ठरलेला साचा आहे हे तुम्हालाही माहीत आहे: आधी अंधार, मग प्रभूचा स्पर्श, मग उजेड, शेवटी हालेलूया. सगळी क्रियापदं भूतकाळी. त्या साच्यात ‘अजून रोज संध्याकाळी सात वाजता जीव कासावीस होतो’ या वाक्याला जागाच नाही. ते तुम्ही गिळलंत. टाळ्या पडल्या आणि त्यानंतरचे एकोणीस दिवस तुम्हाला ते कोणाजवळच बोलता आलं नाही, कारण आता तुम्ही सुटलेले होतात! व्हिडिओ होता ना पुरावा. मला वाटतं लग्नातल्या ग्लासापेक्षा ते एकोणीस दिवस जास्त महागात पडले.

दादा पुढे बावीस वर्षं प्यायला नाही, मरेपर्यंत. आणि त्या बावीस वर्षांत दर आठवड्याला मीटिंगमध्ये उभा राहून म्हणायचा, “मी मद्यपी आहे.” आहे. आमच्या आईला याचा भारी राग यायचा. “अरे, आता तरी होतो म्हण की,” म्हणायची, “शेजारीपाजारी ऐकतात.” तो हसायचा. एकदा म्हणाला, “आई, ज्या दिवशी होतो म्हणेन त्या दिवशी माझ्या खिशात हात घालून बघ.”

तुमचा विश्वास खोटा नव्हता. मेमध्ये रडलात ते खरं, चार महिने खरे. माणूस देवावर विश्वास ठेवतो आणि तरी पितो, या दोन्ही गोष्टी एका अंगात राहू शकतात, याला जगातला सगळ्यात प्रसिद्ध दाखला नेमका तुमच्या त्या शनिवारच्या मीटिंगच्या जन्मकथेतच आहे. पास्टरांनाही ऐकवा.

१९३५ सालचा मे महिना. अमेरिकेतलं अ‍ॅक्रन, टायरच्या कारखान्यांचं शहर. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस धंद्याच्या कामाने आलेला, काम फिसकटलेलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, गजबजलेला. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी. त्याला कळून चुकलं की आत्ता दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोललो नाही तर मी त्या बारमध्ये जाणार. त्याने यादीतल्या एका पाळकांना फोन लावला. वॉल्टर टंक्स त्यांचं नाव, एपिस्कोपल चर्चचे. म्हणजे ज्या संघटनेला तुमचे पास्टर परकी म्हणतात, तिच्या गोष्टीत पहिला फोन उचलला तो एका पाळकाने. टंक्सकडून धागा लागत लागत हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोचला आणि त्यांनी बिलची गाठ घालून दिली शहरातले सर्जन डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी.

हे बॉब स्मिथ म्हणजे तुम्हीच. ते ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळींच्या बैठकांना अडीच-एक वर्षं जात होते. बायबल वाचत होते, प्रार्थना करत होते आणि रोज पीतही होते. बैठकीतले लोक त्यांच्यासाठी गुडघ्यावर येत होते. विश्वास नव्हता असं कोणीच म्हणणार नाही. भेटायला आले तेही “पंधरा मिनिटंच थांबेन” म्हणून, आणि रात्रीपर्यंत बोलत बसले. नंतर त्यांनी सांगितलं ते असं की, दारूबद्दल स्वतःच्या अनुभवातून बोलणारा असा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. त्यानंतरही ते एकदा घसरले बरं का, डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेले आणि झिंगून परत आले. शेवटचा घोट १० जून १९३५. एए आपला वाढदिवस तोच धरते. १९५०मध्ये वारले तोवर त्यांनी पुन्हा थेंब घेतला नाही.

अडीच वर्षांच्या प्रार्थना वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. मला तर वाटतं, न्यूयॉर्कहून आलेला तो अडलेला माणूस हेच त्यांचं उत्तर असावं. काकांना मात्र एवढंच विचारा की बॉबसाहेबांचा विश्वास नक्की कोणत्या तारखेला पक्का झाला.

ऑक्सफर्ड ग्रुपच्या त्या लोकांना बायबलमधलं याकोबाचं पत्र फार प्रिय होतं. पाचव्या अध्यायात तो म्हणतो की एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे बरे व्हाल. मूळ शब्द बघा, *एकमेकांजवळ*. माइकवर नव्हे, ग्रुपवर नव्हे. आणि दोन्ही बाजूंनी. तुमच्या चर्चमध्ये तुम्ही एकट्याने कबूल केलंत आणि बाकी दोनशे माणसं ऐकत बसली. मीटिंगमध्ये ऐकणारा प्रत्येक जण पुढच्या पाळीला बोलणारा असतो.

‘उच्च शक्ती’चं म्हणाल, तर त्यांच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारू सोडण्याच्या वाटेवरच्या टप्प्यांमध्ये, शब्द आहेत ते ‘देव, जसा आम्हाला समजला तसा’. देव न मानणारे मित्रही आत यावेत म्हणून ती मोकळीक ठेवली, आणि १९३९ साली त्यांचं पुस्तक छापलं गेलं तेव्हापासून ती तशीच आहे. तुम्हाला देव ख्रिस्तात समजला. मग तुमची उच्च शक्ती कोण हे तुम्हाला कोणी विचारायची गरज नाही आणि कोणी बदलायलाही सांगणार नाही. शेजारच्या खुर्चीवरचा माळकरी विठ्ठल म्हणेल, पलीकडचा अल्ला म्हणेल, एखादा म्हणेल मला बाबासाहेबांच्या फोटोपुढे बळ येतं. आपण नगरचे लोक, रेव्हरंड ना. वा. टिळकांचे ख्रिस्ती अभंग उपासनेत टाळ-तबल्यावर गातो. चाल वारकऱ्यांची म्हणून त्यातला ख्रिस्त पातळ झाला का? मीटिंगच्या शेवटी जी प्रार्थना म्हणतात, बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती मागणारी, ती राइनहोल्ड नीबूर या ख्रिस्ती धर्मपंडितांची म्हणून ओळखली जाते. पास्टरांना तिच्यात आक्षेपार्ह काही सापडलं तर मला कळवा.

एक मात्र पाळा. तिथे जाऊन सुवार्ता सांगू नका. तिथे कोणी कोणाला धर्म विकत नाही, म्हणूनच ती जागा टिकली आहे.

आणि चर्च सोडायचं का? मुळीच नाही. मीटिंग तुम्हाला पवित्र भोजन देणार नाही, मुलांचं संडे स्कूल घेणार नाही, तुमच्या मयताला गाणी म्हणणार नाही. चर्चकडून चर्चचं घ्या, मीटिंगकडून मीटिंगचं. माझा राग मंडळीवर नाही, त्या साच्यावर आहे. मंडळीला काय करायचं हे कोणी सांगत नाही म्हणून ती टाळ्या वाजवते. कुणाच्या घरी मयत झालं की आपल्या महिला मंडळाला काही सांगावं लागतं का? तिसऱ्या तासाला डबे येतात, कोण कधी बसायला जाणार ते आपोआप ठरतं. मग दारू सोडणाऱ्याच्या घरी का नाही? पास्टरांना आणि त्या काकांना एकच काम द्या: संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. तुमची प्यायची वेळ तीच असणार. पहिले तीन महिने रोज कोणीतरी एक जण त्या वेळेत तुमच्याकडे यावा. बायबल उघडलं तर उघडलं, नाही तर कांदा निवडा, कॅरम खेळा, मळ्यात चक्कर मारा. काकांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी दिल्या तर त्यांचं ते वाक्य मी माफ करीन.

आणि वर्षभर साक्ष नाही. कोणी कितीही आग्रह केला तरी. ग्रुपवरचा तो व्हिडिओ ज्याने टाकला त्याला काढायला सांगा, शांतपणे.

तुम्हाला मंडळीत तोंड दाखवायची लाज वाटते. तुमच्याआधी एकाची अशीच गत झाली होती. प्रभूचा शिष्य पेत्र. सगळ्यांदेखत “बाकीचे सोडतील, मी नाही सोडणार” म्हणाला आणि कोंबडा आरवायच्या आत ‘मी त्याला ओळखत नाही’ असं तीनदा म्हणून बसला. पेत्राची साक्ष तर भविष्यकाळातली होती, तुमच्याहून एक पाऊल पुढे. योहानाने एक बारीक गोष्ट टिपली आहे. पेत्र नाकारतो तेव्हा कोळशांच्या विस्तवाशी शेकत उभा असतो. आणि पुनरुत्थानानंतर प्रभू त्याला सरोवराच्या काठी भेटतो तेव्हाही कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी. आधी काय म्हणतो? या, न्याहारी करा. प्रश्न न्याहारी झाल्यावर. तुमच्या घरी सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकाला हा क्रम सांगून ठेवा.

प्याल्याचं विचारलंत. आपल्याकडच्या बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्याल्यात साधा द्राक्षरसच असतो. त्यामागेही दारूचीच गोष्ट आहे. १८६९ साली अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षरस तापवून, न आंबणारा रस बाटलीत भरला तो खास प्रभुभोजनासाठी. तुमच्या पाळकांना सरळ विचारा, प्याल्यात काय असतं. रस असेल तर घ्या. वाइन असेल तर भाकर घ्या आणि प्याला पुढे जाऊ द्या. आधी सांगून ठेवलंत तर कोणी बघतही नाही. वसईकडचे, वांद्र्याकडचे कॅथलिक वाचक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: नुसता होस्ट, म्हणजे पवित्र भाकर, घेतला तरी कम्युनियन पुरं असतं. कॅथलिक चर्चमध्ये तर दारूच्या आजारातल्या पाद्रींनाही बिशपांच्या परवानगीने जवळजवळ न आंबलेला द्राक्षरस वापरता येतो. म्हणजे रोमनेही हा आजार ओळखलाय. “तीमथ्याला पौलाने थोडा द्राक्षारस घे म्हटलं होतं” असं लग्नात कोणी म्हणालं तर म्हणा, तीमथ्याचं पोट बिघडलं होतं, माझं डोकं बिघडतं. आणि नाताळची घरगुती वाइन, रम घातलेला केक, कॅरलच्या रात्री गाडीमागे फिरणारी बाटली, या तिन्हींना या वर्षी लांबून सलाम.

कॅथलिकांचा विषय निघालाच आहे तर डब्लिनचा मॅट टॅलबट सांगते. मजूर माणूस, पोरवयापासून पिणारा. १८८४ साली, अठ्ठावीस वर्षांचा असताना, खिशात दमडी नव्हती म्हणून गुत्त्याबाहेर उभा राहिला, ज्यांना आजवर पाजली त्यातला कोणीतरी आत बोलावेल म्हणून. एकानेही बोलावलं नाही. घरी आला, आईला म्हणाला शपथ घेतो. शपथ जन्मभराची नव्हती, तीन महिन्यांची घेतली. संपली तेव्हा पुढची घेतली. एकेचाळीस वर्षं प्यायला नाही. आता चर्च त्याला ‘वंदनीय’ म्हणतं. त्याची एक युक्ती मला फार आवडते, तो खिशात पैसे ठेवायचा नाही. आता अडचण अशी की खिशात फोन म्हणजेच पैसे. पहिले काही महिने फोनवरून पैसे द्यायची सोय काढून टाका, पगाराचं कार्ड बायकोकडे. अपमान वाटेल. वाटू द्या.

तुमच्या बायकोबद्दल. त्या पावडरीची पुडी तिने तुम्हाला आणून दाखवली, चहात टाकली नाही. तुमच्या घरात अजून काय शिल्लक आहे हे मला त्या एका गोष्टीवरून कळलं. अशा पुड्यांत काय असेल सांगता येत नाही. डायसल्फिरम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि वर तुम्ही प्यायलात तर चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळतो. अशा माणसाला स्ट्रेचरवरून आत घेताना मी पाहिलं आहे. तीच गोळी डॉक्टरांच्या देखरेखीत, तुम्हाला सांगून, तुमच्या संमतीने दिली तर काहींना उपयोगी पडते. ओढ कमी करणारी दुसरीही औषधं आहेत, विचारा. सासूबाईंवर चिडू नका. घाबरलेलं माणूस जाहिराती वाचतं. बायकोला अल-अनॉनचा पत्ता काढून द्या. पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या या मीटिंगा १९५१पासून चालतात, बिल विल्सनच्याच बायकोने, लोइसने, मैत्रिणीबरोबर सुरू केल्या. इतकी वर्षं तिने क्वायरमध्ये उभं राहून गायलंय आणि पहिल्या बाकावरच्या बायका तिच्याकडे कशा बघतात ते तिलाच माहीत. तिलाही कोणाजवळ तरी रडायला हवं.

घरी राहून जमत नसेल तर दाखल व्हा, त्यात हार नाही. पुण्यात १९८६पासून अनिल आणि सुनंदा अवचट यांनी उभं केलेलं ‘मुक्तांगण’ आहे. ख्रिस्ती वातावरण जवळचं वाटत असेल तर ‘कृपा’ आहे, वांद्र्याच्या फादर जो परेरा यांनी १९८१मध्ये सुरू केलेलं. ते स्वतः दारूतून बाहेर आलेले, आणि अय्यंगारांकडे योग शिकलेले, त्यामुळे तिथे बारा पायऱ्यांबरोबर आसनंही करवून घेतात. वसईलाही त्यांचं केंद्र आहे. तिथे सगळ्या धर्मांचे लोक असतात. कुठेही जा, पण फोन तुम्ही स्वतः लावा.

राहिला शनिवार. आधी डॉक्टर, मग शनिवार. आणि डॉक्टरांची वेळ त्याआधी मिळाली नाही तरी शनिवारी जा. प्यायलेल्यालाही आत येऊ देतात, फक्त त्या दिवशी बोलायचं नाही, ऐकायचं. दादाची मीटिंग एका चर्चच्या शाळेत भरायची, दुसरीच्या वर्गात. मोठमोठे बाप्ये छोट्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले, भिंतीवर बाराखडी आणि फळांची चित्रं. फी नाही, नोंद नाही, आडनाव नाही. शेवटी एक पिशवी फिरते, चहा-भाड्यापुरती, पहिल्यांदा आलेल्याने काही टाकलं नाही तरी चालतं. तुम्ही शेवटच्या बाकावर बसा. नाव विचारलं तर पहिलं नाव सांगा. काही बोलावंसं वाटलं नाही तर “आज फक्त ऐकतो” म्हणा, कोणी दुसऱ्यांदा विचारणार नाही.

पहिल्या दिवशी मी दादाला सोडायला गेले होते, दाराशी उभी होते. चहा आला. किटली घेऊन एक म्हातारे गृहस्थ फिरत होते, प्रत्येकाला कप काठोकाठ भरून देत होते. दादापाशी आले आणि अर्धाच कप ओतला. मला वाईट वाटलं, म्हटलं नवा माणूस म्हणून चिक्कूपणा. दादाने कप उचलला, दोन्ही हातांनी. हात थडथड उडत होते, पण अर्ध्या कपातला चहा कपातच राहिला, शर्टावर एक थेंब सांडला नाही. म्हाताऱ्यांनी तिकडे पाहिलंही नाही, पुढच्या बाकाकडे वळले. दादाचा कप रिकामा झाल्यावर परत आले आणि उरलेला अर्धा ओतून गेले.